जखम नसलेल्या वेदनेचा शोध

१९०४ साली लंडनमध्ये कंबरदुखीवर व्याख्यान देताना विल्यम गॉवर्स या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञांनी एक नवे नाव वापरले : फायब्रोसायटिस. स्नायूंमधल्या तंतुमय भागाला सूज येते आणि त्यामुळे अंग दुखते, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तिथे सूज दिसल्याचे जाहीर केले. तर्काला पुरावा मिळाल्यासारखे झाले. पुढे इतरांनी अशा गाठी तपासल्या, तेव्हा मात्र सूज सापडेना. पण तोवर नाव रूढ झाले होते, आणि त्या नावाने वैद्यकाची नजर पुढची सत्तर वर्षे स्नायूंवर खिळवून ठेवली.

या आजाराला आज आपण फायब्रोमायल्जिया म्हणतो. शंभरातल्या दोन ते चार जणांना तो असतो, आणि त्यात बायकांचे प्रमाण जास्त आहे. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळीकडे ठणका लागतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेले असते. थोड्याशा कामाने गळून जायला होते, लक्ष लागत नाही, साध्यासुध्या गोष्टी आठवत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, सांध्यांवर सूज नाही. मग 'तुम्हाला काहीही झालेले नाही' हे वाक्य ऐकून रुग्ण घरी येतो. घरातले लोकही हळूहळू तेच म्हणू लागतात.

हे वाक्य चुकीचे आहे, हे वैद्यकाला कसे कळत गेले, त्याची ही कथा आहे. वेदना जिथे जाणवते तिथेच तिचे कारण असले पाहिजे, या समजुतीतून बाहेर पडायला एक शतक लागले. आणि बाहेर पडण्याची वाट स्नायूंमधून नव्हे, तर मज्जारज्जू आणि मेंदूमधून गेली.

दोरी आणि घंटा

या समजुतीचे मूळ सतराव्या शतकात आहे. रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा मानवी शरीरावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, फ्रेंच भाषेत छापला गेला. त्यातले एक चित्र पुढे वैद्यकाच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापले गेले. आगीजवळ बसलेल्या माणसाच्या पायाला चटका बसतो आणि पायातून निघालेला एक धागा थेट मेंदूपर्यंत जातो. दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी वेदना होते, असे देकार्तचे म्हणणे होते.

त्या काळासाठी हा विचार फार पुढचा होता. वेदना ही पापाची शिक्षा नसून शरीराचे कार्य आहे, हे त्याने ठसवले. मात्र त्यातून एक निष्कर्ष आपोआप निघत होता. जेवढी जखम तेवढी वेदना. जखमच नसेल तर वेदना कुठून असणार? आणि तरीही माणूस दुखते म्हणत असेल, तर दोष त्याच्या मनाचा.

दुसऱ्या महायुद्धात या निष्कर्षाची झळ सैनिकांना बसली. सांध्यात काहीच बिघाड नसताना अंगदुखीने बेजार झालेले सैनिक लष्करी रुग्णालयांत मोठ्या संख्येने येत होते. अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी या दुखण्याला मानसिक संधिवात असे नाव दिले. फायब्रोसायटिसच्या नावात निदान शरीराला काहीतरी झाले आहे अशी कबुली तरी होती. नव्या नावाने तीही गेली.

त्याच युद्धात देकार्तच्या चित्राला पहिला मोठा तडाही गेला. हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर इटलीच्या आघाडीवर काम करत होते. तिथल्या रुग्णालयांत त्यांनी गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांना विचारले : दुखते आहे का, औषध हवे आहे का? हाडे मोडलेली, पोट-छाती फाटलेली ही माणसे शुद्धीवर होती. तरीही जवळपास तीन चतुर्थांश जणांनी औषध नको म्हणून सांगितले. त्यांचे चेतातंतू बधिर झाले होते, असेही नव्हते. शीर शोधताना सुई नीट टोचली गेली नाही, तर तेच सैनिक इतरांसारखेच कळवळत. बीचर यांनी हे निरीक्षण १९४६ साली प्रसिद्ध केले. त्यांनी लावलेला अर्थ असा, की रणांगणावरून जिवंत सुटल्याचा दिलासा त्या जखमेशी जोडलेला होता. म्हणजे प्रचंड जखम असूनही वेदना जवळपास नसू शकते. मग याच्या उलटही घडत असेल का? हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

मज्जारज्जूतले दार

विचारण्याजोगी चौकट १९६५ मध्ये मिळाली. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांची गाठ अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पडली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' नियतकालिकात दोघांनी वेदनेचा नवा सिद्धान्त मांडला. शरीराकडून आलेला संदेश मेंदूकडे जसाच्या तसा जात नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे शरीरातले चेतातंतू येऊन मिळतात, तिथे एक दार आहे. वेदनेचा संदेश बारीक तंतूंमधून येतो, स्पर्शाचा जाड तंतूंमधून. जाड तंतूंचे काम वाढले की दार लोटले जाते. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो, त्याने आराम पडण्याचे कारण हेच. शिवाय मेंदू स्वतःही वरून हुकूम पाठवून हे दार उघडू किंवा लोटू शकतो.

या सिद्धान्तातल्या जोडण्यांचे तपशील पुढे बरेच बदलावे लागले, पण गाभा टिकला. वेदना येते तिथेच तिचे नियमन होते आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे मान्य झाले. याच सुमारास वॉल यांच्या प्रयोगशाळेत लॉर्न मेंडेल यांना आणखी एक गोष्ट दिसली. बारीक तंतूंना तोच तेवढाच धक्का लागोपाठ देत राहिले, तर मज्जारज्जूतल्या पेशींचा प्रतिसाद दर खेपेला चढत जातो. बाहेरचा आघात वाढलेला नसताना आतला गजर वाढत होता.

मेंदूच्या हुकमाचा थेट पुरावा १९६९ साली आला. डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूत खोलवर, राखाडी पेशींच्या एका पट्ट्यात, बारीक तार बसवून मंद वीजप्रवाह सोडला. भुलीचे कोणतेही औषध न देता त्यांनी उंदरांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, पण वेदनेची खूण दाखवत नव्हते. म्हणजे वेदना थांबवण्याची सोय मेंदूने स्वतःपाशीच ठेवलेली होती.

ही सोय चालते कशावर? १९७३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूच्या पेशींवर अफूजन्य औषधे नेमकी जिथे बसतात ते ग्राहक दाखवून दिले. अफूसाठी शरीराने कुलूप तयार ठेवले असेल, तर किल्लीही शरीरातच असणार. ती शोधण्यासाठी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज भल्या पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जात आणि डुकरांचे ताजे मेंदू बर्फात घालून प्रयोगशाळेत आणत. हान्स कोस्टरलिट्झ यांच्यासोबत त्यांनी १९७५ मध्ये त्या मेंदूंतून एन्केफालिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामके वेगळी काढली.

पुढच्या दहाएक वर्षांत या यंत्रणेचा नकाशा भरत गेला. हॉवर्ड फील्ड्स आणि अ‍ॅलन बासबॉम यांनी मध्यमेंदूतून मेंदूच्या देठाकडे आणि तिथून मज्जारज्जूत उतरणारा मार्ग रेखाटला. या मार्गावर सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने महत्त्वाचे काम करतात. तिथल्या काही पेशी वेदनेला आवर घालतात, तर काही तिला चढवतात. १९७९ मध्ये पॅरिसमध्ये डॅनियल ल बार्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शरीराच्या एका भागाला वेदना झाली की दुसऱ्या भागाच्या वेदनेचे संदेश मज्जारज्जूत दबतात. १९८३ मध्ये लंडनला क्लिफर्ड वुल्फ यांनी याची दुसरी बाजू उजेडात आणली. उंदराच्या पंजाला इजा झाल्यावर मज्जारज्जू स्वतःच अधिक हळवा होतो; पूर्वी न खुपणारा स्पर्शही खुपू लागतो. जखमेची जागा बधिर केली तरी हा हळवेपणा पूर्णपणे जात नाही. वेदनेने मज्जासंस्थेतच बदल केलेला असतो.

टोरंटोतल्या रात्री, पिओरियातले रुग्ण

हे सारे चालू असताना फायब्रोसायटिसचे रुग्ण संधिवाताच्या दवाखान्यांतून रिकाम्या हाताने परत जात होते. त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिले ते टोरंटोमध्ये. संधिवाततज्ज्ञ ह्यू स्माइथ आणि झोपेचे अभ्यासक हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी अशा रुग्णांना रात्री प्रयोगशाळेत झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या. गाढ झोपेच्या संथ लहरींमध्ये जागेपणीच्या लहरी घुसलेल्या त्यांना दिसल्या. रुग्ण सांगत होते, 'झोपलो, पण विश्रांती झाली नाही.' त्या म्हणण्याची खूण कागदावर उमटली होती.

मग त्यांनी उलटा प्रयोग केला. धडधाकट स्वयंसेवकांची गाढ झोप आवाज करून, त्यांना पूर्ण जागे न करता, रात्रीमागून रात्र मोडली. थोड्याच दिवसांत त्यांचेही अंग दुखू लागले आणि स्नायू दाबले असता हळवे लागू लागले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवले, की स्नायूला हातही न लावता, केवळ मेंदूच्या विश्रांतीत ढवळाढवळ करून, स्नायूंचे दुखणे निर्माण करता येते.

१९७६ मध्ये काहलर हेंच यांनी फायब्रोमायल्जिया हे नाव सुचवले आणि सुजेचा जुना दावा नावातून गेला. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पिओरिया शहरात, मूळचे बांगलादेशचे असलेले संधिवाततज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी ५० रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक यांची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली. अंगदुखी, थकवा, न भागणारी झोप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी यांचा एक ठरावीक मेळ या रुग्णांत दिसत होता. हा आजार इतर सगळे आजार वगळल्यावर उरणारा गाळ नाही, त्याला स्वतःची ओळख आहे, हे युनूस यांनी सिद्ध केले.

१९८६ मध्ये बॉस्टनच्या डॉन गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ६२ रुग्णांवर दोन औषधांची परीक्षा घेतली. एक सूज उतरवणारे नेप्रॉक्सेन, दुसरे रात्री अगदी कमी मात्रेत दिलेले अ‍ॅमिट्रिप्टिलिन. हे दुसरे औषध मेंदूत उतरत्या मार्गावरचीच रसायने वाढवते. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने वेदना, झोप आणि थकवा यांत फरक पडला. नेप्रॉक्सेनचा म्हणावा असा उपयोग झाला नाही. सुजेवरचे औषध लागू पडत नाही आणि मज्जासंस्थेवरचे पडते, यातून दुखण्याचा पत्ता कळायला हवा होता.

१९९० साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फ्रेडरिक वुल्फ यांच्या पुढाकाराने निदानाचे निकष ठरवले. शरीरावरच्या १८ ठरावीक जागांवर सुमारे चार किलो दाब द्यायचा आणि त्यांतल्या निदान ११ जागा दुखल्या पाहिजेत. या निकषांमुळे जगभरातले संशोधक प्रथमच एकाच आजाराबद्दल बोलू लागले. मात्र बोट ठेवले जात होते ते पुन्हा स्नायूंवर.

अंगठ्याच्या नखावरचा प्रयोग

नव्वदच्या दशकात दोन प्रवाह एकत्र आले. प्राण्यांच्या मज्जारज्जूत जे दिसले होते, ते आता या रुग्णांमध्ये शोधले जाऊ लागले. टेक्सासमध्ये जॉन रसेल यांच्या गटाला रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात सबस्टन्स पी हे वेदनेचा संदेश पुढे नेणारे रसायन निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट आढळले. १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये एवा कोसेक आणि पेर हान्सन यांनी ल बार्स यांचे तत्त्व माणसांवर तपासले. दंडाला पट्टा आवळून हातात कळा आणल्या, तेव्हा निरोगी बायकांची मांडी दाबाला कमी दुखू लागली. रुग्ण बायकांमध्ये तसे झाले नाही. वेदनेने वेदना दाबण्याची शरीराची नेहमीची सोय त्यांच्यात काम करत नव्हती. २००१ मध्ये फ्लोरिडात रोलँड स्टाउड यांनी मेंडेल यांच्या निरीक्षणाची कसोटी लावली. तोच उष्ण स्पर्श लागोपाठ दिला असता रुग्णांमध्ये वेदना अधिक चढत गेली आणि ओसरायलाही अधिक वेळ लागला. म्हणजे एकीकडे संदेश वाढवला जात होता, दुसरीकडे त्याला आवर घालणारा हात ढिला पडला होता.

तरीही एक शंका उरत होती. हे लोक दुखणे वाढवून तर सांगत नसतील? २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉव आणि सहकाऱ्यांनी त्यावर प्रयोग रचला. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे निवडली. दाबण्यासाठी जागा घेतली अंगठ्याचे नख. फायब्रोमायल्जियाच्या १८ ठरावीक जागांत ती मोडत नाही. प्रत्येकाला एमआरआय यंत्रात झोपवून नखावर मोजूनमापून दाब दिला आणि मेंदूत कुठे हालचाल होते ते टिपले. निरोगी माणसाला किरकोळ वाटणाऱ्या दाबाने रुग्णांच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित अनेक भाग जागे झाले. निरोगी माणसाच्या मेंदूत तसेच चित्र उमटायला जवळपास दुप्पट दाब लागला. तोंडाने दुखणे वाढवून सांगता येते. मेंदूतल्या रक्तप्रवाहाला ते शिकवणे अवघड आहे. शतकभर रुग्णांवर घेतल्या गेलेल्या संशयाला या प्रयोगाने उत्तर दिले.

२००७ मध्ये मिशिगन विद्यापीठात रिचर्ड हॅरिस यांनी आणखी एक दुवा जोडला. ज्या ग्राहकांवर शरीरातली वेदनाशामके आणि मॉर्फिन बसतात, ते या रुग्णांच्या मेंदूतल्या काही भागांत कमी प्रमाणात मोकळे आढळले. शरीराची स्वतःची शामके बहुधा आधीच त्यांना अडवून बसलेली असावीत. मॉर्फिनसारखी जबर औषधे या आजारात का तोकडी पडतात, याचे एक कारण त्यातून दिसले.

या शोधाने काय बदलले

पहिला बदल उपचारांत झाला. २००७ ते २००९ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन आणि मिल्नासिप्रान ही तीन औषधे मंजूर केली. तिन्ही मज्जासंस्थेवर काम करतात. युरोपच्या औषध संस्थेने मात्र लाभ पुरेसा नाही म्हणून मंजुरी नाकारली. दोन्ही निर्णयांत तथ्य आहे. काहींना या गोळ्यांनी बराच आराम पडतो, अनेकांना थोडाच. २०१७ मध्ये युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी सगळा पुरावा तोलला, तेव्हा त्यांची ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला. हळूहळू, झेपेल तसा वाढवलेला नियमित व्यायाम.

दुसरा बदल निदानात झाला. २०१० च्या नव्या निकषांतून १८ जागा दाबण्याची अट गेली. त्याऐवजी वेदना शरीरात किती ठिकाणी पसरली आहे, आणि थकवा, झोप, विस्मरण यांचा त्रास किती आहे, हे रुग्णालाच विचारले जाऊ लागले.

तिसरा बदल वर्गीकरणाचा. २०१७ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला. जखमेची वेदना आणि नसेला इजा झाल्याची वेदना हे दोन प्रकार आधीपासून होते. तिसऱ्यात जखमही नसते, नसेची इजाही नसते. वेदनेचे नियमनच बदललेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुनाट वेदना हाच मूळ आजार असू शकतो, हे मान्य केले गेले.

शोध इथे संपलेला नाही. २०१३ मध्ये बॉस्टन आणि वुर्झबर्ग इथल्या संशोधकांना बऱ्याच रुग्णांच्या त्वचेतले बारीक चेतातंतू विरळ झालेले दिसले. २०२१ मध्ये लंडनचे किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल आणि स्टॉकहोम इथल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा उंदीर दाबाला आणि थंडीला हळवे झाले. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसे झाले नाही. त्यामुळे बिघाडाची सुरुवात काही जणांत मेंदूबाहेरही होत असेल. मात्र वेदनेचे नियमन बिघडलेले आहे, या निष्कर्षाला या नव्या पुराव्यांनी धक्का लागत नाही.

गॉवर्स आणि स्टॉकमन यांनी स्नायूत सूज शोधली, यात त्यांचा दोष नव्हता. त्या काळी पाहायला तेवढेच होते. चूक पुढच्या पिढ्यांनी केली. सूज सापडली नाही, तेव्हा आपला तर्क तपासण्याऐवजी त्यांनी रुग्णावर अविश्वास दाखवला. आज त्या अविश्वासाला कोणताही शास्त्रीय आधार उरलेला नाही. अंगदुखी थायरॉइडची, संधिवाताची किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचीही असू शकते, म्हणून तपासण्या आधी करायलाच हव्यात. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरातली बाई तरीही दुखते म्हणत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवा. झोप आणि झेपेल एवढी हालचाल यांसाठी तिला वेळ मिळू द्या, घरातली कामे वाटून घ्या आणि हा आजार ओळखणाऱ्या डॉक्टरकडे तिला घेऊन जा.